थकबाकी

दाराशी आई बसते, मांडीवर सिगारच्या खोक्याचा गल्ला.
परक्यांना पाच डॉलर, गल्लीतल्यांना तीन,
आणि "मी वाजवायला आलोय" म्हणणाऱ्याला आधी
बोटं दाखव.
घट्टे नसतील तर पाच.

शिकागोच्या पश्चिमेला, जिथे बस वळते आणि रिकामी होते,
तिथे हे आमचं. पूर्वी इथे टायर विकायचे.
फेब्रुवारीत हीटर पेटला की भिंती अजून रबराचा वास सोडतात.
गाड्यांखाली शिरायचा खड्डा होता, बाबांनी त्यावर फळ्या ठोकल्या
आणि स्टेज केलं,
म्हणून ड्रमच्या ठोक्याला खालून कुणीतरी हुंकार देतं.
जुना मेकॅनिक, बाबा म्हणायचे,
त्याला अजून कुणी सुट्टी झाल्याचं सांगितलं नाही.

आता बाबा नाहीत. बारवर थॅडियस, माझा भाऊ.
मी मागे मासे तळते, मक्याच्या पिठात घोळून,
आणि भाची बर्फाच्या मशीनवर वही ठेवून अपूर्णांक सोडवते,
पाय हलतात तिचे, अचूक, शफलवर.

तेच तीन कॉर्ड. तीच बारा पावलं.
गाणारा एक ओळ म्हणतो,
मग तीच ओळ पुन्हा म्हणतो.
पहिल्यांदा आपल्याला सांगायला,
दुसऱ्यांदा स्वतःची खात्री करायला.
तिसरीत काय ते कळतं.
मी तिसरीसाठी कढईखालचा जाळ मंद करते.

आईची निळी वही गल्ल्याखाली असते.
त्यात एका पानावर: क्लिओटिस पेटवे, दोन बर्बन, माशांची प्लेट,
चौदा डॉलर. साल अठ्ठ्याऐंशी.
माउथऑर्गन असा वाजवायचा
की बाटल्यांची लेबलं सुटतील असं वाटायचं.
तेवीस वर्षांपूर्वी तो टोलेडोला मुलाकडे गेला.
गेल्या शरदात तिथेच पुरला त्याला.
थॅडियस म्हणाला, खोड आता. मेलेल्याची उधारी बुडीत.
आई म्हणाली, बुडीत बँकेची असते.
आपली फक्त थकलेली.

काल, गुरुवारी, बर्फ पडत असताना
एक उंच माणूस आत आला, बुटांवर रस्त्याचं मीठ,
कानटोपी हातात.
व्हर्जिल पेटवे, म्हणाला. वडिलांनी सांगून ठेवलं होतं.
आणि एकेकाच्या चौदा नोटा मांडल्या,
ओल्या, एकीला एक चिकटलेल्या.

आईनं चष्मा लावला. वही काढली. पान काढलं.
सोळा, म्हणाली.
इथे तर चौदा लिहिलंय, म्हणालो आम्ही दोघंही.
दोन बसभाड्याचे, आई म्हणाली.
ते लिहिले नव्हते. सगळे वही चाळतात इथे.

त्यानं आणखी दोन काढले.
पेन चालेना, तिनं समासात गिरवून गिरवून शाई आणली
आणि मग चौदावर रेघ मारली, सावकाश,
दाढी करावी तशी.
थॅडियसनं न विचारता ग्लास पुढे केला.
माणूस उभ्यानंच प्याला. बराच वेळ ग्लास खाली ठेवला नाही.

वाजवतोस? आईनं विचारलं.
नाही. पोस्टात आहे मी.
तिनं त्याचा हात उलटा करून बघितला,
पाकिटांच्या कडांनी कापलेली बोटं,
बारीक बारीक पांढऱ्या रेघा.
जरा विचार केला.
हे घट्टे नव्हेत, म्हणाली. पाच.

त्यानं खिसे चाचपले. बसपुरते उरले होते.
आईनं कोरं पान उघडलं,
पेन आता छान चालत होतं:
व्हर्जिल पेटवे. बर्बन सहा. दाराचे पाच.
बेरीज तिनं भाचीला करायला लावली.

स्टेजवर कुणीतरी चार मोजले.
खालचा मेकॅनिक हुंकारला.
माझे मासे तेवढे करपले.